मागून हाक

दुर्गेश्वरी निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाही. पूर्वी मारायची, आणि कशी मारायची! चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावात वाढलेली पोर. धानाच्या या बांधीतून त्या बांधीतल्या रोवणाऱ्या बायांना बोलवायचं तर गळा लागतोच. लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आली तेव्हा भांडीकुंडी बेताचीच आणली होती, गळा मात्र भरपूर आणला होता. सासू सुशिलाबाई नव्या नवलाईतच म्हणाल्या, "बाप्पा, ही सून आहे का गिरणीचा भोंगा?"

मग विक्कीचं प्रकरण झालं. विक्की म्हणजे तिचा धाकटा दीर. पोलीस भरतीच्या धावण्याला निघाला होता. कपाळाला कुंकू, हातावर दही-साखर, सगळं यथासांग झालं. त्याने अंगणाबाहेर पाऊल टाकलं आणि ही आतून ओरडली, "अवो भाऊजी! डबा राहिला ना!" विक्की वळला, डबा घेतला, गेला. मैदानावर धावता धावता त्याचा पाय मुरगळला. आता मैदानात खड्डा होता, पायातले बूट मित्राचे होते, आणि सराव म्हणाल तर तो फक्त आरशासमोर व्हायचा. पण दोष कोणाचा? टोकणारीचा. निघालेल्याला मागून टोकलं की काम नासतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सुशिलाबाईंनी ते मोहल्ल्यात घरोघर सांगितलं. तेव्हापासून कोणी शुभ कामाला निघालं की दुर्गेश्वरीला काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात पाठवतात.

तिने भांडण केलं नाही असं समजू नका. चांगलं कडाकडा भांडली. पण लोकांच्या मनात एकदा बसलेलं घासून निघत नाही. शेवटी तिने आपल्यापुरती वाट काढली. मागून बोलायचं नाही ना, मग सगळं आधीच बघायचं. नवरा निघायच्या आधी ती गाडीचं स्टँड बघते, पेट्रोलचं झाकण बघते, त्याचा खिसा चाचपते. कुलूप लावून ओढते, दहा पावलं जाऊन परत येते आणि पुन्हा ओढते. नवरा भुपेंद्र चिडवतो, "दुर्गे, हे कुलूप चोरानं नाही, तूच तोडशील." माणसं हसतात. तीही हसते. पण त्या ओढण्यामागे काय आहे ते तिचं तिला माहीत.

भुपेंद्रचं मुर्रीच्या रस्त्यावर पत्र्याचं शेड आहे, डेंटिंग-पेंटिंगचं. ठोकणं त्याचं, घासणं तिचं. पहिल्यांदा ती नुसती गाड्यांवर पाणी मारायची. मग एकदा कारागीर आला नाही म्हणून तिने पाणी-पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, हातात घेतला, आणि पुन्हा खाली ठेवलाच नाही. पाणी सोडत, पेपर फिरवत, दुसऱ्या तळव्याने चाचपत ती बसली की भुपेंद्रही मध्ये बोलत नाही. बाया नाकं मुरडायच्या, "बाईमाणूस आणि गॅरेजात!" ती म्हणायची, "तुमच्या नवऱ्याची गाडी घासूनच दिली ना? तेव्हा चाललं ना?" जिभेला हाड नाही बाईच्या, हे खरं.

भुपेंद्र मात्र आवाजाचा माणूस. ट्रॅक्टर, जीपा, मेटाडोर ठोकून त्याचा हात तयार झालेला. बोनट बसवलं की तो ते हातभर उंचीवरून सोडून द्यायचा. धाड! तो आवाज ऐकून मान डोलवायचा. बसलं! त्याच्या गुरूनेही असंच केलं होतं आणि गुरूच्या गुरूनेही.

हिवाळ्यात, धान घरी येऊन मोकळं झाल्यावर, टिकेश त्यांच्याकडे बोनट घेऊन आला. टिकेश मुर्रीचाच, पवारांचा पोरगा. गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि जीव जुन्या लाल गाडीत अडकलेला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, मुलगी आमगावकडची. पोराच्या डोक्यात शिरलं की सासुरवाडीच्या दारात गाडी उभी राहावी तर अशी, की साल्यांनी बघतच राहावं. म्हणून दिल्लीहून कार्बन फायबरचं बोनट मागवलं. कापडाच्या काळ्या विणीवर राळ चढवून कडक केलेलं, बोऱ्याच्या विणकामासारखं दिसणारं. जुनं लोखंडी बोनट उतरवायला दोन माणसं लागली. हे नवं दुर्गेश्वरीने एका हाताने उचललं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हे तं वाऱ्यानं उडून जाईल जी!"

"वहिनी, शुभ बोल ना," टिकेश हसत म्हणाला.

तिने बोनट खाली ठेवलं. 'उडून जाईल' हा आपलाच शब्द मात्र तिच्या कानात अडकला.

बसवायला घेतलं तर एका बाजूला फेंडरशी, म्हणजे चाकावरच्या पत्र्याशी, फट बोटभर, दुसऱ्या बाजूला कागदही जाईना. अशी बाहेरून मागवलेली वस्तू गाडीच्या मापाची आहे असं खोक्यावर लिहिलेलं असतं, गाडीला ते वाचता येत नाही. भुपेंद्रने बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले केले, थोडं मागे, थोडं डावीकडे, असं करत फट सारखी केली. एक कड कानशीने घासावी लागली. काळी बारीक भुकटी उडायची आणि अंगाला लागली की खाज सुटायची, म्हणून दुर्गेश्वरीने तोंडाला ओढणी बांधून पाणी सोडत सोडत घासली. दोघांची मेहनत होती. बोनट छान बसलं. भुपेंद्रने कौतुकाने पाहिलं, बोनट हातभर उचललं, आणि सवयीने सोडून दिलं.

धाड नाही झालं. हलकी वस्तू, तिचा कसला धाड! पण त्या आवाजाच्या पोटात एक बारीक 'कट्ट' झालं. टिकेशला ऐकू आलं नाही. भुपेंद्रला आलं असेल, पण त्याने तोंड फिरवलं. दुर्गेश्वरीने येऊन बोनट उघडलं आणि खालून हात घातला. बोनटच्या पोटाला एक लोखंडी कुंडा असतो, तोच खालच्या लॉकमध्ये अडकून बोनट धरून ठेवतो. तो कुंडा चिकटवलेल्या जागेतून हलत होता. हिरड्यात दात हलावा तसा.

"पाह्य इकडं," ती नवऱ्याला म्हणाली. "काऊन आपटलं?"

भुपेंद्रचा चेहरा उतरला. माणूस तापट, पण खोटा नाही. त्याने टिकेशला तिथेच सांगितलं, "भाऊ, चूक माझी. पत्र्याची सवय आहे हाताले. चिकटवून देतो, पण आता या कुंड्यावर माझा भरोसा नाही. दोन खुंट्या बसवाव्या लागतील."

खुंट्या म्हणजे पुढच्या पट्टीवर उभ्या बसवलेल्या दोन सळया. बोनटला भोकं पाडून त्या वर काढायच्या, त्यांच्या डोक्यातल्या छिद्रातून आडवी पिन घालायची, की बोनट पक्कं. टिकेश ओरडलाच. "उस्ताद, नव्या बोनटले भोकं पाडता?"

"भोक नाही पाडलं तं रस्त्यावर बोनट उघडून काचेवर येईल," भुपेंद्र म्हणाला. "समोरचं काहीच दिसत नाही मग. ट्रक असो का झाड असो."

भोकं पाडायला तिघंही बोनटवर वाकले. चुकलं तर दुसरं बोनट आणायला वेळ नव्हता. दुर्गेश्वरीने वरून चिकटपट्टी लावली, वीण उपटू नये म्हणून खालून लाकडाची फळी दाबून धरली. ड्रिल आरपार फळीत उतरली. कड स्वच्छ निघाली. टिकेशने तेव्हा कुठे कपाळाचा घाम पुसला. मग चकाकी आणायचं काम. राळेतल्या बारीक टाचणीच्या टोकाएवढ्या खळग्या भरायच्या, पाणी-पेपर फिरवायचा, आणि तो इतका बेताने की खालच्या विणीला धक्का नको. भुपेंद्रने क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचे, हात मारले. थंडीत क्लिअर लवकर कडक होत नाही, म्हणून दुर्गेश्वरी रोज बोनट उन्हाच्या मागे मागे फिरवत होती, वाळवणासारखं. पॉलिश झाल्यावर त्यात तिला आपलं तोंड दिसलं. बराच वेळ बघत राहिली. आपल्या हाताचं काम आवडलं की ती लाजत नाही, सरळ म्हणते, "कोणी केलं एवढं झकास? मी केलं!"

साक्षगंधाच्या सकाळी टिकेशची आई फुलवंताबाई स्वतः गॅरेजवर आल्या. बाकीची मंडळी जीपने पुढे गेली होती. गाडीची पूजा करायची आणि इथूनच मायलेकांनी निघायचं, असं ठरलं होतं. ओवाळायला सुशिलाबाईही जरीकाठाचं लुगडं नेसून हजर. दुर्गेश्वरीने आपल्या हाताने दोन्ही खुंट्यांत पिना घातल्या. ओढून पाहिल्या. एकदा, दोनदा. मग टिकेशला समजावू लागली, "हे पाह्य, बोनट कधी आपटायचं नाही. दोन्ही तळव्यांनी दाबायचं. आणि पिना घातल्याशिवाय गाडी काढायची नाही, नाही तं सरळ मरशी..."

"दुर्गे!" सुशिलाबाई कडाडल्या. "पोरगा साक्षगंधाले निघून राहिला आणि तू मरणाचं बोलून राहिली?"

फुलवंताबाईंचा चेहरा आंबट झाला होता. त्यांना विक्कीची गोष्ट माहीत होती. मोहल्ल्यात कोणाला नव्हती? त्या गोड आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई. हिले आतून दही-साखर आणायले सांगा."

झालं. दुर्गेश्वरी आत गेली. गॅरेजच्या मागेच घर. दही वाटीत काढताना तिचे कान तापले होते. बाहेर घंटी वाजली, नारळ फुटला, टिकेशचं हसणं ऐकू आलं. ती वाटी घेऊन बाहेर आली तोवर बोनटवर झेंडूचा भलामोठा हार चढला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुंट्या फुलांत बुडून गेल्या होत्या. तिचा हात आपोआप फुलांकडे गेला. सवयच तशी. एकदा चाचपून घ्यावं.

"हात नोको लावू आता," फुलवंताबाई म्हणाल्या. "पूजा झाली."

तिने हात मागे घेतला. मीच घातल्या ना पिना, दोनदा ओढल्या ना, ती मनात म्हणाली. टिकेशने दही-साखर चाटलं, ताटातली चाबी उचलून कपाळाला लावली, मायलेक गाडीत बसले. चाकाखालची लिंबं फुटली. लाल गाडी काळं बोनट मिरवत रस्त्याला लागली आणि वळणावर किंचित तिरकी झाली.

त्या वळणावर दुर्गेश्वरीला बोनट आणि फेंडरमधली फट दिसली. ती फट तिने इतके दिवस बोटाने मोजली होती. आज ती रुंद होती, अगदी किंचित. दुसऱ्या कोणाला दिसलीही नसती.

तिचं तोंड उघडलं. गळ्यापर्यंत हाक आली. शेजारी सुशिलाबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. आणि आख्ख्या मुर्रीला ऐकू जाईल असा गळा असलेल्या त्या बाईने हाक गिळली. फुलांमुळे तसं दिसलं असेल, तिने स्वतःला समजावलं. गाडी दिसेनाशी झाली.

सगळे आत वळले. भुपेंद्र बादली घेऊन हात धुवायला बसला. दुर्गेश्वरी पूजेचं ताट आवरायला वाकली. फुटलेल्या नारळाची करवंटी उचलली, विझलेलं निरांजन उचललं, झेंडूच्या पाकळ्या बाजूला सारल्या. खाली हळदीकुंकवाने माखलेल्या दोन पिना होत्या.

तिने त्या झटकन उचलल्या. "आई! हे इथी कसं?"

"टिकेशनंच काढून ठेवलं ना," सुशिलाबाई सहज म्हणाल्या. "चाबीसंगं पुजून घे म्हणे, नवं लोखंड आहे. काऊन, काय झालं?"

चाबी उचलली आणि पिना राहिल्या. म्हणजे ते बोनट आता त्या नुसत्या चिकटवलेल्या कुंड्यावर चाललं होतं. आणि पोरगा आज गाडी हळू चालवेल? साक्षगंधाच्या दिवशी? गावं संपली, मोकळा रस्ता लागला की तो गाडी दाबणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुर्गेश्वरीच्या डोळ्यांपुढे काळं बोनट काचेवर आदळलं. आतमध्ये नवं लुगडं नेसलेल्या फुलवंताबाई होत्या. आपल्याला दिसलं होतं! फट दिसली होती, आणि आपण तोंड बंद ठेवलं! या विचाराने तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"फोन लावा टिकेशले! लावा लवकर!" ती नवऱ्यावर ओरडली. पिना मुठीत घेऊन स्कूटी काढली.

भुपेंद्रने ओल्या हातांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. कोणी उचलेना. "मी येतो ना, थांब!" तो म्हणाला, पण त्याच्या मोटरसायकलचं चाक कालपासून खोलून ठेवलेलं. तोवर ही गेलीसुद्धा.

मुर्रीहून गोंदियाच्या गर्दीतून आमगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ती कोणाला काय बोलली, कोणाच्या शिव्या खाल्ल्या, तिला आठवत नाही. ऑटोवाले, शाळेच्या गाड्या, भाजीचे ठेले. एका वळणावर मागून कोणीतरी जोरात ओरडलं, "ओ दीदी! स्टँड! स्टँड उठाओ!" तिने खाली पाहिलं. स्कूटीचं बाजूचं स्टँड खालीच होतं. सगळ्या जगाची स्टँडं बघणारी बाई स्वतःचं विसरली होती. तशीच वळली असती तर स्टँड रस्त्याला घासून ती डांबरावर तोंडघशी पडली असती. तिने टाचेने स्टँड वर मारलं. कोण ओरडलं ते पाहायलाही थांबली नाही. पण त्या अनोळखी माणसाने आपल्याला मागून टोकलं आणि आपण वाचलो, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं आणि वारा. पुढे लाल गाडी नाही. आता त्याला गाठायचं तरी कुठे? टिकेश मोकळ्या रस्त्याला लागला असेल तर संपलंच. ती स्कूटीला म्हणत होती, "चाल ना वं बाई, चाल ना." मुठीतल्या पिना हँडलला दाबून धरल्याने तळव्यात रुतत होत्या.

आणि मग तिला ट्रॅक्टर दिसले. धान खरेदी केंद्रापुढे पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग अर्ध्या रस्त्यावर आली होती. जाणारी-येणारी गाडी एकेक करून सुटत होती. या रांगेला ती दर हिवाळ्यात शिव्या घालायची. आज हात जोडावेसे वाटले. त्या गर्दीच्या पार टोकाला, लाल! टिकेशची गाडी शेवटच्या ट्रॅक्टरला वळसा घालत होती. त्यापुढे रस्ता मोकळा, सरळसोट.

तिने स्कूटी रस्त्याच्या कडेने, सांडलेल्या धानावरून, खड्ड्यांतून घातली. एका ट्रॉलीमागे अडकली. पुढे जाता येईना. स्कूटी तिथेच टाकली, ट्रॉलीच्या दांड्याला धरून पोत्यांच्या थप्पीवर चढली, आणि समोर पाहिलं. लाल गाडी सुटली होती. वेग धरू लागली होती. पलीकडून एक मोठा ट्रक येत होता.

हाक गळ्यात आली आणि तिथेच अडकली. इतक्या वर्षांचं अडकणं ते. सुशिलाबाईंची नजर, विक्कीचा लंगडता पाय, मोहल्ल्यातल्या बाया, सगळे गळ्यावर बसून होते. दुर्गेश्वरीने डोळे मिटले.

"टिकेऽऽश! थांऽऽब! अरे थांऽऽब!"

काय हाक होती ती! या बांधीतून त्या बांधीत जाणारी. ट्रॅक्टरवाले वळून बघू लागले. एकाने काही न समजताच जोरात हॉर्न दाबून धरला.

गाडीत काय झालं ते टिकेशने नंतर सांगितलं. आईच्या मांडीवर त्याचा फोन मघापासून वाजत होता आणि उस्तादचं नाव दिसत होतं. फुलवंताबाई म्हणाल्या होत्या, "नोको उचलू. निघाल्यावर टोकल्यासारखं होते." मग मागून ती हाक आली. फुलवंताबाई म्हणाल्या, "मागं पाहू नोको! ती टोकणारीच आहे!" त्याने मागे पाहिलं नाही. पण आवाज ओळखीचा होता, आणि वैतागून का होईना, त्याने एक्सिलरेटरवरचा पाय काढला. तेवढंच केलं त्याने.

पुढच्या क्षणी समोरचा ट्रक वाऱ्याचा लोट देत बाजूने गेला. दुर्गेश्वरीला पोत्यांवरून दिसलं. झेंडूचा हार ताणला, तुटला, पिवळी फुलं उधळली, आणि काळं बोनट सरळ उभं राहिलं. काच पूर्ण झाकली गेली. गाडी डावीकडे वळली, उजवीकडे वळली. गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरली, घसरली, आणि बांधाच्या अलीकडे थांबली. बोनट परत खाली आदळलं.

ती धावत पोहोचली तेव्हा टिकेश दार उघडून उभा होता. चेहऱ्यावर रक्त नव्हतं, म्हणजे लागलं नव्हतं आणि चेहरा पांढराही पडला होता. तो मागे, रस्त्याकडे बघत होता. ट्रक बाजूने गेला त्या जागेकडे. पाय काढला नसता तर वेगाने बोनट आधीच उडालं असतं आणि आंधळी गाडी त्या ट्रकच्या तोंडाशी गेली असती. फुलवंताबाई दुसऱ्या दाराने बाहेर आल्या. बांगड्या वाजत होत्या. त्यांनी दुर्गेश्वरीला पाहिलं, आणि जी भीती आत मावत नव्हती ती तोंडावाटे बाहेर पडली.

"टोकलंच ना शेवटी! निघालेल्या गाडीले टोकलंच! तुझ्या हाकेनंच उडालं ते!"

दोन ट्रॅक्टरवाले धावत आले होते, ते थबकले. दुर्गेश्वरी धापा टाकत उभी होती. साडीला धानाचा भुसा चिकटलेला. एरवी तिने दहा वाक्यांत त्या बाईची शोभा केली असती. पण तिला भांडायचंच नव्हतं. ती जिवंत बाई समोर उभी राहून आपल्याला शिव्या देते आहे, याचाच तिला इतका आनंद झाला की तिला हसू आलं आणि रडूही.

"हव काकी," ती म्हणाली. "माझ्याच हाकेनं उडालं. म्हणून इथी उडालं. पुढं उडालं असतं तं मले शिव्या द्यायले तुम्ही कोठून आल्या असत्या?"

तिने मूठ उघडली. हळदीकुंकवाने माखलेल्या दोन पिना, आणि तळव्यात त्यांचे लाल वळ. फुलवंताबाईंनी त्या ओळखल्या. आपल्याच हाताने त्यांवर कुंकू वाहिलं होतं त्यांनी. त्या बांधावर खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

टिकेशने पिना घ्यायला हात पुढे केला. "राहू दे," दुर्गेश्वरी म्हणाली. बोनटच्या एका कोपऱ्याला, बिजागरीपाशी, पांढरी चीर गेली होती. इतक्या दिवसांचं घासणं. तिने त्या चिरेवरून अंगठा फिरवला, चरफडली, आणि सोडून दिलं. दोन्ही तळव्यांनी बोनट दाबलं. एक पिन घातली, दुसरी घातली. ओढली. पुन्हा ओढली. टिकेशला म्हणाली, "आता तू ओढ." त्याने ओढली. "काकी, तुम्ही पण या. ओढून पाहा." फुलवंताबाई उठून आल्या आणि त्यांनीही दोन्ही पिना एकेक करून ओढून पाहिल्या.

"वहिनी..." टिकेश म्हणाला.

"जाय आता. मंडळी वाट पाहून राहिली असतील."

गाडी मातीतून वर आली आणि रस्त्याला लागली. बोनटवर फुलं नव्हती आता, नुसत्या दोन खुंट्या उन्हात चमकत होत्या. दुर्गेश्वरी कडेला उभी होती. गाडी थोडी पुढे गेली, आणि तिने कमरेवर हात ठेवून, सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांसमोर, पूर्ण गळ्याने मागून हाक मारली.

"टिकेऽऽश! हळू चालव रे बापू!"

गाडीचे मागचे दिवे लागले. डाव्या खिडकीची काच खाली आली. फुलवंताबाईंनी डोकं बाहेर काढून मागे वळून पाहिलं, आणि हात वर करून "हव" म्हणाल्या.